तणसाची पोट्टी

सिंदेवाही
४ डिसेंबर १९५५

गोकुळे,

तुझं पत्र पोचलं. ख्यालीखुशाली एक ओळ आणि माझ्या दिवाळीच्या कार्डाची निंदा दीड पान! पणती आली पण ज्योत आली नाही, ज्योतीच्या जागी नुसता खळीचा डाग होता, आणि तुमच्या मोठ्या बाईंनी "हे चित्र कशाचं, शेणाच्या गोवरीचं का?" असं विचारलं, हे सगळं इतकं चवीचवीनं लिहायची काही गरज होती का? चांद्याला ट्रेनिंगला होतो तेव्हाही तू अशीच होतीस. माझ्या भाजीत मीठ कमी पडलं की साऱ्या होस्टेलला पत्ता लागायचा.

ज्योत होती गं. मी तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची केली होती. धानाचं तणस मधोमध चिरायचं, रात्रभर भिजवायचं, लोट्यात निखारे घालून त्या लोट्यानं इस्त्री करायची, म्हणजे त्याची चपटी पट्टी होते. मग कात्रीनं हवा तो आकार कापायचा आणि तांदळाच्या खळीनं कार्डावर चिकटवायचा. उन्हात धरलं की असं चमकतं, की दुकानातली छापील कार्डं बघवत नाहीत. पण ही खळ वाळली की तणस सोडून देते. इथून सिरोंच्यापर्यंत डाकेची थैली किती आदळआपट खात जाते ते तुला माहीतच आहे. बिचारी ज्योत वाटेत कुठे विझली देव जाणे.

तणस कोण आणून देतं, हे तू विचारलं नाहीस पण मी सांगणारच. लटारू. लग्न होईपर्यंत नाव घेऊन घेते, नंतर "हे" आणि "ते" करत बसायचंच आहे. ते इथल्या सरकारी धानाच्या फार्मवर आहेत, आणि तिथे नाना जातींचं धान. कोणाचं तणस पिवळं, कोणाचं तांबूस, एकाचं तर जांभळट काळं. दर रविवारी भारा घेऊन येतात, ओट्यावर टाकतात आणि गुणाबाईंना, म्हणजे माझ्या घरमालकिणीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणतात, "मास्तरीणबाई, हे घ्या तणस! बैलाच्या तोंडातून काढून आणलं." बैलाचा घास काढून आणणारा नवरा मिळतोय, आणखी काय पाहिजे?

लग्न माघात धरलंय. आणि गोकुळे, इथेच माझा हात थांबतो.

तुला ठाऊक आहे, मला आई आठवत नाही. मला आठवते ती बाई. शाळेतल्या पोरी दिवसभर मला "बाई, बाई" करतात, पण माझ्या लेखी बाई एकच, माझी मोठी बहीण भागीरथा. तिनं मला मासोळीच्या टोपल्याशेजारी बसवून वाढवलं. तळ्यावर तीच जाळं टाकायची, बाजारात तीच बसायची, आणि गावातल्या सगळ्या ढिवरांच्या घरांत पाटी माझ्या एकटीच्या हातात, कारण बाईला तसं वाटलं. पुढे तिचं लग्न वरोऱ्याला झालं. नवरा उमाजी, म्हणजे माझे भाटवे, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्यांना वाटलं, आपल्या धाकट्या भावाला, मुखरूला मी करावी. मुखरू चांगला होता, पण त्याला ट्रेनिंग सोडलेली बायको हवी होती. मी नाही म्हटलं. भाटव्यांना वाटलं, शिकली म्हणून आम्हाला नाकं मुरडते. आणि बाई, माझी बाई, नवरा आणि बहीण यांच्या मधोमध उभी होती. तिला एका बाजूला जावंच लागलं. भर अंगणात म्हणाली, "आजपासून तू मले मेली. तुह्या नावाची आंघोळ करून मोकळी झाली मी!"

त्याला चार वर्षं झाली. सुरुवातीला पत्रं टाकली. बाईला वाचता येत नाही, वाचणार ते भाटवे. बहिणीला लिहायचं आणि रागावलेल्या भाटव्यांच्या चष्म्यातून जायचं, म्हणजे "सर्व कुशल" यापलीकडे काय लिहिणार? उत्तर आलं नाही, मीही सोडून दिलं.

पण आता लग्न आहे. बापूजीही गेलेत. मांडवात माझ्या पाठीशी कोण उभं राहणार? गुणाबाई म्हणतात, "मी राहीन नं!" राहतील, चांगल्या आहेत. पण मला बाई पाहिजे. बाईशिवाय मी बोहल्यावर चढले तर ते लग्न मला अर्धंच वाटेल, हे तुला स्वच्छ सांगते.

म्हणून डोक्यात एक कल्पना आलीय. संक्रांतीला बाईला कार्ड पाठवायचं. त्यात एक अक्षरही लिहायचं नाही, म्हणजे कुणी वाचून दाखवायला नको. नुसतं चित्र. चित्र वाचायला तिला कुणी लागत नाही.

हसलीस तर बघ.

कुंता


सिंदेवाही
२६ डिसेंबर १९५५

गोकुळे,

नाताळची सुट्टी आहे आणि मी कार्डं करते आहे. शाळेच्या पोरींनाही नाद लावला, तो आता माझ्या अंगाशी आलाय. चौथीतल्या पोरी संक्रांतीची कार्डं करताहेत, तीळ चिकटवून. तीळ चिकटवतात त्याच्या दुप्पट खातात. चंदा नावाची एक पोट्टी आहे, तिनं स्वतःची वेणी खळीच्या वाटीत बुडवून ती मैत्रिणीच्या पाठीला चिकटवली. काल वाळत घातलेल्या कार्डांवर मुंग्या लागल्या, आणि आज सकाळी धुरपताबाईंच्या शेळीनं पाव भारा तणस खाल्लं, तेही मी नेमकं भिजवून मऊ केलेलं. धुरपताबाई शेजारच्या. त्यांना सांगायला गेले तर म्हणतात, "तिले काय ठाऊक बाप्पा, तुमचं तणस चित्राचं हाय म्हून?"

मी कपाळावर हात मारला. तरी सांगते, गोकुळे, या कामासारखं सुख नाही. पट्टी नीट निघाली, कात्री नीट चालली, आणि कागदावर ठेवल्याबरोबर ती नुसती पट्टी न राहता माशाचं पोट होऊन बसली, की मी एकटीच "वा!" म्हणते. परवा गुणाबाई धावत आल्या, कुणाशी बोलतेय म्हणून.

बाईचं कार्ड सगळ्यांत वेगळं आहे. त्याला नागपूरहून आणवलेला जाड कागद वापरलाय. चित्र असं: तळ्याची पाळ, पाळीवरून बाई चाललीय, खांद्यावर जाळं. लुगडं गेल्या वर्षीच्या वाळलेल्या पळसफुलांच्या रंगाचं. आणि तिच्या लुगड्याचं टोक मुठीत धरून मागून मी, हातभर उंचीची. ते टोक मी खरंच सोडत नसे. बाजारात ती मासोळी तोलायची तेव्हाही माझी मूठ तिथेच. बाई चिडायची, "सोड वं, फाटते नं!" मग गिऱ्हाईक गेलं की स्वतःच टोक माझ्या हातात द्यायची.

बाई, तळं, पाळ सगळं रंगानं काढलंय. मी मात्र तणसाची. पिवळ्या तणसाचा झगा, काळ्या तणसाचे केस. का, तर कार्ड हातात घेतल्याबरोबर बाईची नजर आधी माझ्यावर गेली पाहिजे. बघ, इथेही माझी हौस सुटली नाही.

लटारूंना दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरून बघितलं. मग म्हणाले, "बाईचं तोंड काऊन नाई काढलं?"

बाई पाठमोरी आहे. मी म्हटलं, "तोंड मला जमत नाही."

"जमत नाई का आठवत नाई?"

मी त्यांना चहा न देता परत पाठवलं. मग दारातून परत हाक मारली आणि चहा दिला. तोंड आठवतं गं. पण शेवटचं आठवतं ते अंगणातलं, आणि ते मला काढायचं नाही.

तुझी,
कुंता


सिंदेवाही
९ जानेवारी १९५६

गोकुळे,

कार्ड आज टाकलं. पण कसं टाकलं ते ऐक, नाहीतर माझा जीव हलका व्हायचा नाही.

गुरुवारी संध्याकाळी कार्ड पुरं झालं. रात्री खिडकीत वाळायला ठेवलं, आणि उंदरानं त्याचा वरचा एक कोपरा खाल्ला! तांदळाची खळ, त्याला काय, जेवणच. सकाळी बघितलं आणि आधी उंदराला शिव्या घातल्या. नवा कागद यायला वेळ नव्हता, संक्रांत तोंडावर. मग कडा तशीच राहू दिली आणि मागून पुढून तणसाच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून कोपरा पुरा केला. गुणाबाई म्हणाल्या, "आधीपेक्षा झ्याक दिसून राह्यलं." मलाही तसंच वाटलं. बाकी कोपरे साधे आणि हा एक सोन्याचा!

कार्ड मोठं झालंय, मापाचं पाकीट मिळालं नाही. म्हणून कागदाची पट्टी गुंडाळून, दोन्ही टोकं उघडी ठेवून, बुकपोस्टानं द्यायला गेले. आमचे पोस्टमास्तर कायद्याचे पक्के. म्हणाले, "बाई, आत काही लिहिलं असंन तं बुकपोस्ट चालत नाई."

मी म्हटलं, "काही लिहिलेलं नाही."

त्यांनी कार्ड ओढून बघितलं, उलटं करून बघितलं. "एक अक्षर नाई? मंग घेणाऱ्यानं समजावं काय?"

"ती समजेल," मी म्हटलं.

त्यांनी शिक्का मारला. धप्पकन आवाज झाला. चार वर्षांचं सगळं मी त्या एका चित्रावर टाकलंय. बाईनं बघून फळीवर ठेवून दिलं तर? भाटवे म्हणाले, "बघ, आता चित्रं धाडून राह्यली, मोठी मेमसाहेब," तर? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, काहीच झालं नाही तर? ज्योतीसारखं काही वाटेत गळू नये म्हणून खळ तीनदा लावलीय. आता देवावर भरवसा.

उत्तर आलं तर कळवीन. आलं नाही तर तूही विचारू नकोस.

कुंता


सिंदेवाही
१७ जानेवारी १९५६

गोकुळे,

आधी हे वाच: मी जिवंत आहे. ठणठणीत आहे. गाल थोडा दुखतो, त्याचं कारण पुढे येईल.

संक्रांतीच्या दिवशी, शनिवारी दुपारी मी ओसरीवर बसून पोरींच्या उरलेल्या कार्डांना तीळ लावत होते. छोटी गाडी येऊन गेल्याची शिट्टी ऐकली होती. थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी रडणं ऐकू आलं. साधं रडणं नव्हे, मयताचं, हेल काढून. धुरपताबाईंचे सासरे दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेत. मला वाटलं, गेले बिचारे, तेही सणाच्या दिवशी. हात खळीनं बरबटलेले, तशीच धावले. गुणाबाईही लाटणं हातात घेऊन आल्या.

बघते तर धुरपताबाई स्वतःच दारात उभ्या राहून विचारताहेत, "कोणाकडचं वं?" गल्लीतून एक बाई येत होती, पदर तोंडावर, एका हातानं कपाळ बडवते आहे. मागे डोक्याला पंचा गुंडाळलेला एक माणूस, हातात गाठोडं. मी पुढे झाले, तिला दोन्ही खांद्यांना धरलं आणि विचारलं, "कोण गेलं वं माय?"

"माही कुंता गेली वं!" ती म्हणाली. "माही लहानी गेली! राख तरी दाखवा मले तिची!"

गोकुळे, हसू नकोस. एक क्षण मला खरंच वाटलं की मी गेले. कारण तो आवाज बाईचा होता आणि बाई खोटं रडत नाही.

"बाई," मी म्हटलं, "मी इथी आहो."

तिनं पदर खाली केला. माझ्याकडे बघितलं. मग हात लावून बघितलं, कपाळाला, हनुवटीला, खळीनं चिकट झालेल्या बोटांना. आणि मग अशी एक थप्पड लगावली की गुणाबाईच मागे सरकल्या.

"कुठी मेली होतीस वं!" बाई ओरडली, आणि मला इतक्या जोरात आवळलं की श्वास घेता येईना. मग आम्ही दोघी त्या गल्लीत, धुळीत बसून रडलो. अख्खी गल्ली जमली. मला कसलीही लाज वाटली नाही.

घरात आणलं, पाणी दिलं. बाईनं कमरेच्या गाठीतून कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "हे काय धाडलं वं मले?"

मी ते हातात घेतलं. तणसाचा सोनेरी कोपरा वाटेत कुठेतरी गळून गेला होता. राहिली होती उंदरानं कुरतडलेली कड, हातानं फाडल्यासारखी. आपल्याकडे कोपरा फाडलेलं पत्र मरणाचंच असतं, हे सांगायला शिकलेली मास्तरीण लागत नाही. पण तेवढंच नव्हतं, गोकुळे. तणसाची मीही गळून गेले होते. तळ्याच्या पाळीवर बाई एकटीच चालली होती. तिच्या लुगड्याचं टोक मागे तसंच हवेत, आणि ते धरणारी जिथे होती तिथे नुसता पिवळट डाग.

"पोस्टमन म्हणे, सिंदेवाहीहून हाय," बाई सांगत होती. "म्या उलटंपालटं पाह्यलं, एक अक्षर नाई. कोपरा फाटका. पाळ पाह्यली, माहं लुगडं पाह्यलं, आन् तू नाई. तरी म्या यायले दाखवलं. हे म्हणे, लिहायचं काय रायते त्यात, समजून घे. मंग आंघोळ केली साऱ्यायनं."

भाटवे ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. आत यायला तयार नव्हते. मी पाणी घेऊन गेले तर त्यांनी पेला घेतला आणि न पिताच रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. "काल रडलो नाई," म्हणाले, "इले सांभाळत होतो. आता पाह्य, कसं रडू येऊन राह्यलं." मग नाक पुसून म्हणाले, "मुखरूले तं कवाच राग नाई वं, कुंते. त्याले दोन पोट्टे झाले, मजेत हाय. राग मीच उरावर घेऊन बसलो होतो. कागद यायचे तुहे, वाचायचो, फळीवर ठेवायचो. इनं इचारलं का सांगायचो, बरी हाय."

"म्याबी वाचून दाखवा नाई म्हटलं," बाई आतून म्हणाली. "त्यायले एकट्याले काऊन नाव ठेवू?"

मरणाचं पत्र कुणी घरात ठेवत नाही. वाचलं की फाडून टाकतात. भाटवे लगेच फाडायला निघाले होते म्हणे. बाईनं हातातून हिसकावून घेतलं. "म्हटलं, तिच्या हातचं शेवटचं हाय. घरात नाई ठेवत, अंगावर ठेवीन." ते ती वरोऱ्याहून चांद्याला आणि चांद्याहून छोट्या गाडीनं इथपर्यंत कमरेला लावून घेऊन आली होती.

मी विचारलं, "बाई, तू तर चार वर्षांमागेच माझ्या नावाची आंघोळ केली होतीस."

"थे खोटी होती," ती म्हणाली. "तवा पाण्यात हात नाई घातला म्या. काल खरी केली. पाणी डोक्यावर घेतलं आन् वाटलं, माह्याच तोंडानं गेली पोट्टी. म्याच मेली म्हटलं होतं तिले." आणि पुन्हा पदर तोंडाला लावला.

मला तिला सांगायचं होतं की मी कधीच रागावले नव्हते. पण ते खरं नव्हतं, मी खूप रागावले होते. म्हणून मी नुसतं तिच्या पदराचं टोक धरून बसले. तिनंही "सोड, फाटते" म्हटलं नाही.

तेवढ्यात लटारू! रविवारचा भारा सण म्हणून शनिवारीच घेऊन आले. ओट्यावर अनोळखी माणूस रडतोय, आत बायका जमलेल्या. भारा खांद्यावर तसाच. गुणाबाईंनी दारातूनच सांगितलं, "घाबरू नका जवाईबापू, तुमची नवरी मेली होती. आत्ताच परत आली."

बाईनं चटकन डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या कानात विचारलं, "हाच का वं?" मी मान हलवली. तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं, खांद्यावरच्या तणसाच्या भाऱ्यासकट. "ढोरं हायेत का त्यायच्याकडे?"

"नाही," मी म्हटलं. "ते माझ्यासाठी आहे."

चार वर्षांत बाईला पहिल्यांदा हसताना बघितलं ते तेव्हा. भाटवे उठले, लटारूंच्या खांद्यावरचा भारा उतरवून घेतला आणि त्यांना शेजारी बसवून धानाच्या जाती विचारायला लागले. काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं, हे मला आतून कळत होतं. पण बोलत राहिले.

मग बाईनं कार्ड पुन्हा हातात घेतलं. "आता याचं काम झालं," म्हणाली, आणि दोन्ही हातांनी धरलं.

"बाई, नको!" मी ओरडले. किती संध्याकाळी घातल्या होत्या मी त्यावर! नागपूरचा कागद, पळसाचा रंग, आतापर्यंतच्या माझ्या सगळ्या कार्डांत तेच एक मनासारखं उतरलेलं.

"मरणाचं हाय थे," बाई म्हणाली. "तू जिती हायेस. घरात ठेवायचं नाई."

आणि टराटरा फाडलं. तुकडे गल्लीबाहेर नेऊन टाकले, हातपाय धुऊन आली, आणि गाठोड्यातून पुरचुंडी काढून तिळाचा लाडू माझ्या तोंडात कोंबला. मेलेल्या बहिणीच्या घरी जाताना तिनं तिळाचे लाडू बांधून आणले होते, गोकुळे! मी विचारलं, कशाला. "सणाचे केले होते," एवढंच म्हणाली. "तुले आवडतात."

मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं गुणाबाई म्हणतात. माझं किती वाढलं ठाऊक नाही. पण काल रात्री मी इतकी गाढ झोपले की सकाळी शाळेची घंटा ऐकली तेव्हा जाग आली.

तुझी जिवंत,
कुंता


सिंदेवाही
५ फेब्रुवारी १९५६

गोकुळे,

सोबत लग्नाचं कार्ड आहे. माघ वद्य पंचमी. सुट्टी मिळत नाही वगैरे काही सांगू नकोस. तुमच्या मोठ्या बाईंना हे कार्ड दाखव आणि विचार, आता तरी गोवरी दिसते का.

भाटवे कामावर परत गेले, ते मुखरू, त्याची बायको आणि पोरं यांना घेऊन येतील. बाई गेलीच नाही. म्हणाली, "आता लगनच करून जाईन." आल्यापासून तिनं माझं घर ताब्यात घेतलंय. माझी भाजी अळणी असते हे तिनंही साऱ्या गल्लीला सांगितलं, तेव्हा तुझी आठवण आली. लटारूंना रोज काहीतरी कारण काढून जेवायला थांबवते, आणि ते माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसतात.

मी तिच्यासाठी नवं कार्ड केलं. तेच चित्र, तीच पाळ, तेच लुगडं. या वेळी बाईचं तोंड काढलं. समोर बसलेलीच होती, आठवायचं काय? ती सारखी हलत होती आणि "माहं नाक एवढं मोठं हाय काय वं?" म्हणत होती. आहेच.

तणसाची पोट्टी मी कापून ठेवली आणि खळीची वाटी पुढे ओढली. बाईनं वाटी उचलून बाजूला ठेवली.

"तुह्या खळीचा मले भरोसा नाई," म्हणाली.

आणि गाठोड्यातून सुई आणि जाळं विणायचा दोरा काढला. मी म्हटलं, बाई, कार्ड शिवत नाहीत, तणस चिरेल, कागद फाटेल. तिनं ऐकलं नाही. कागदाला बारीक भोकं पाडली आणि तणसाच्या त्या एवढ्याशा पोट्टीला टाके घालायला बसली, झग्याला दोन, केसांना एक. एक पट्टी चिरलीच. मी दुसरी कापून दिली. शेवटचा टाका तिनं मुठीशी घातला, जिथे पोट्टी लुगड्याचं टोक धरून आहे तिथे. दोरा दातानं तोडला. मग अंगणात गेली, कार्ड उलटं धरलं आणि जोरजोरात झटकलं.

काही गळलं नाही.

"आता जाते कुठी!" बाई म्हणाली, आणि कार्ड माझ्या हातात न देता कमरेला खोचून स्वयंपाकाला गेली.

तुझी,
बाईची लहानी,
कुंता